बेलवांगी ते टोमॅटो : आपल्या स्वयंपाकघरात लाल रंग कसा आला



यंदा आमच्या दौंडच्या परसात टोमॅटोची अकरा झाडं होती, फळांनी लगडलेली, आणि एकही फळ धड लाल होत नव्हतं. एरवी मी इतकी उतावीळ होत नाही. पण सासूबाईंनी ठरवलं होतं की महावीर जयंतीपासून हरीची मर्यादा एकवीसवरून अकरावर आणायची. एक्याऐंशी वय, दात नाहीत, जेवण म्हणजे मुगाची खिचडी आणि दुधात कुस्करलेली पोळी. तरी यादी कमी करायची ती ठरवून, पच्चक्खाण घेऊन. त्या एकवीसमध्ये टोमॅटो होता. अकरामध्ये राहील की नाही ते त्या सांगत नव्हत्या. मला वाटत होतं, त्या आधी आपल्या परसातला एक तरी पिकलेला टोमॅटो त्यांच्या ताटात पडावा.

रोपं लावायलाच उशीर झाला होता. जानेवारीत पुतण्याचं लग्न, मग पाहुणे, आणि रोपवाटिकेतून रोपं आणली तेव्हा जानेवारी संपत आला होता. कार्तिक पौर्णिमेनंतर लगेच लावली असती तर फेब्रुवारीत टोपली भरली असती. आता एप्रिलचं ऊन, आणि फळं हिरवी, फार तर पिवळट नारिंगी.

एका दुपारी मुलीने विचारलं, "मम्मी, पणजी टोमॅटो खायची नाही म्हणे. मग दादी कशी खाते? आणि आपण खातो ते बरोबर की चूक?" मला पटकन उत्तर देता येईना. मग वाचायला बसले, दोन्हीकडच्या जुन्या माणसांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

माझं माहेर घोडनदी. बाहेरचे शिरूर म्हणतात, पण आमच्या घरांत अजून घोडनदीच. माझ्या दादीने आयुष्यात टोमॅटो जिभेला लावला नाही. ती त्याला टोमॅटो म्हणायचीही नाही. म्हणायची "ते बेलवांगं". जुन्या मराठीत बेलवांगीच म्हणत, विदर्भातल्या माझ्या मावशीकडे आजही भेद्रं म्हणतात, आणि बंगालीत त्याचं जुनं नाव म्हणजे सरळ विलायती वांगं. आता तुम्हीच सांगा, ज्या घरात वांगं बावीस अभक्ष्यांत मोजून उंबऱ्याबाहेर ठेवलेलं, तिथे बेलवांगं नावाच्या वस्तूला कोण आत घेईल? त्यातून तो रंग. कापल्यावर पाटावर पसरणारा लाल रस. दादी म्हणायची, "बघूनच जीव कसा होतो." ही गोष्ट आपल्याच घरांत होती असं नाही. कित्येक सोवळ्याच्या वैष्णव आणि ब्राह्मण घरांतही रंगावरूनच टोमॅटो बाहेर होता.

मला गंमत वाटली ती पुढे. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांकडचा. पेरू, इक्वाडोर या भागात त्याची रानटी जात, करवंदाएवढ्या फळांची. शेतात त्याला मोठं केलं ते मेक्सिकोच्या लोकांनी. त्यांच्या नाहुआ भाषेतला शब्द 'तोमात्ल', त्यावरून टोमॅटो. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तो युरोपात नेला. तिथे १५४४ मध्ये मात्तिओली नावाच्या इटालियन वैद्याने त्याची पहिली नोंद केली. त्याने काय लिहिलं? की वांग्याचाच एक नवा प्रकार आला आहे, चपटा, फोडीफोडींचा, आणि पिकला की रक्तासारखा लाल किंवा सोन्यासारखा पिवळा होतो. माझ्या दादीने घोडनदीत जे दोन आक्षेप घेतले, तेच दोन शब्द त्या वैद्याच्या वहीत चारशे वर्षं आधी होते. वांगं, आणि रक्त. आणि दादी चुकली नव्हती हो. वनस्पतिशास्त्रात लिनेयसने १७५३ मध्ये वांगं, बटाटा आणि टोमॅटो या तिघांना एकाच सोलॅनम कुळात बसवलं. भावंडंच आहेत ती. युरोपातही कित्येक जणांनी त्याला विषारी समजून शोभेला लावलं, कारण त्याच कुटुंबात खरोखरची विषारी झुडपं आहेत.

भारतात तो पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. पण मिरची जशी आल्याबरोबर घराघरांत गेली तसा टोमॅटो गेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉर्ज वॅट या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतातल्या उपयोगी वनस्पतींचा मोठा कोश केला. त्यातही असंच म्हटलं आहे की टोमॅटो मुख्यतः साहेब लोकांसाठी लावतात, बंगाली आणि ब्रह्मी लोक आंबट कालवणात घालतात, बाकीच्यांना त्याची चव आत्ता कुठे लागू लागली आहे. म्हणजे माझ्या पणजीच्या काळात हे साहेबाचं फळ होतं.

आणि साहेब आपल्याकडे काही कमी नव्हते. घोडनदीला इंग्रजांची छावणी होती. कोरेगावला लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली ती ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री, आमच्या शिरूरहून. दौंडला रेल्वे आली, १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन जंक्शन झालं, आणि इंजिन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन अशा अँग्लो-इंडियन कुटुंबांची मोठी वस्ती वसली. छावणीच्या बागांत काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण रेल्वेच्या बंगल्यांचं मी सासूबाईंच्या तोंडून ऐकलं आहे.

सासूबाई १९६० च्या सुमाराला लग्न होऊन दौंडला आल्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. आमचं कापडाचं दुकान, आणि गिऱ्हाइकांत रेल्वे कॉलनीतल्या बायका. त्यांतली एक आँटी दर थंडीत टोपलीभर टोमॅटो द्यायची, नव्या सुनेला कौतुकाने. आजेसासू ती टोपली हसून घ्यायच्या आणि मागच्या दाराने भांडी घासणाऱ्या बाईला देऊन टाकायच्या. पुढच्या वर्षी आँटीने टोमॅटोऐवजी चार रोपं दिली. सासूबाईंनी ती विहिरीजवळ लावली, कुणाला न विचारता. "फुलं पिवळी होती, मला वाटलं शोभेची राहतील," असं त्या आज सांगतात, आणि सांगताना हसतात.

फळं धरली. आजेसासू रोज सकाळी सामायिकानंतर तिथून जायच्या, बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. पहिलं फळ लाल झालं तेव्हा म्हणाल्या, "बिंदणी, तोडलंस तर माझ्या चुलीवर नाही." मग सासूबाईंनी अंगणात शेगडी पेटवली. नुसते टोमॅटो, गूळ, जिरं आणि लाल तिखट. घरातल्या पुरुषांनी बाजरीच्या रोटीबरोबर ते संपवलं. त्या शेगडीवरून टोमॅटो स्वयंपाकघरात यायला सात वर्षं लागली. आजेसासूंनी स्वतः कधीच खाल्ला नाही, पण आणलेला मोडलाही नाही.

इथे मला एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती कुणी लिहीत नाही. टोमॅटो पंजाबी भाजीमुळे आला, हॉटेलमुळे आला, असं सगळे म्हणतात. कांदा-लसूण खाणाऱ्या घरांत तो आणखी एक चव म्हणून आला असेल. आपल्या घरांत तो कांद्याच्या रिकाम्या जागेवर आला. आठवून बघा, आपल्या आज्यांकडे रस्सा दाट करायला आणि आंबटपणाला काय होतं. चिंच, आमसूल, आमचूर, काचरी आणि दही. दह्याला द्विदलाची अट. गट्ट्याची भाजी करायची तर बेसन आणि दही एकत्र येणार, म्हणजे दही आधी नीट गरम करून घ्यायचं, फुटू द्यायचं नाही, पाहुणे बसलेले असताना ते हात थरथरवणारं काम. टोमॅटोने ते सगळं एका फळात केलं. रंग दिला, दाटपणा दिला, आंबटगोड दिलं, आणि द्विदलाची भीती नाही. आज पुण्याला कुठल्याही हॉटेलात "जैन मिळेल" म्हणतात ते कशाच्या जोरावर? कच्च्या केळ्याच्या पावभाजीत टोमॅटो नसेल तर ती पावभाजी होईल का? ज्या फळाला आपल्या आज्यांनी उंबरा ओलांडू दिला नाही, त्याच्याच आधारावर आपलं आजचं बिनकांद्याचं स्वयंपाकघर उभं आहे. दोन पिढ्यांत एवढं बदललं.

आता मुलीचा दुसरा प्रश्न, बरोबर की चूक. बटाट्याचं आपल्याकडे कुणाला कोडं पडलं नाही. तोही त्याच अँडीजमधला, आपल्या कुठल्याच सूत्रात त्याचं नाव नाही, पण जमिनीखालचा, डोळ्याडोळ्याला कोंब फुटणारा. अनंतकायाची लक्षणं त्याला लागली आणि विषय संपला. टोमॅटोचं तसं झालं नाही. त्याच्यावर आक्षेप आहे तो बहुबीजाचा. पण पन्नवणा सूत्रात वृक्षांचे दोन गट सांगितले आहेत, एका आठळीचे आणि बहुबीज. आंबा, जांभूळ पहिल्या गटात. बहुबीजांत कवठ, बेल, आवळा, फणस, डाळिंब. आता डाळिंब तर आपण उपवासाच्या पारण्यालाही देतो. म्हणजे नुसत्या बिया मोजून भागत नाही. आपल्या सतीजी समजावतात ते असं की जिथे बी आणि बी यांच्यामध्ये पडदा किंवा गर नाही, नुसत्या बियाच बिया खेटून आहेत, ते अभक्ष्यातलं बहुबीज, जसं वांगं, खसखस. टोमॅटो आडवा कापून बघा. आत कप्पे असतात, कप्प्यांमध्ये गराच्या भिंती, पण कप्प्यात बिया बुळबुळीत रसात एकमेकींना चिकटून. डाळिंबासारखाही आहे आणि वांग्यासारखाही. म्हणून काही घरांत चालतो, काही घरांत नाही, आणि काही जणी बिया काढून वापरतात. मी मुलीला हेच सांगितलं. आपल्या घरात चालतो, तिथीला नाही आणि चातुर्मासात ज्याच्या त्याच्या नियमाप्रमाणे. मावशीकडे चालत नाही, तर तिथे मागायचा नाही. ती म्हणाली, "म्हणजे उत्तर नाहीच." बरं.

आता पिकण्याबद्दल, कारण या उन्हाळ्यात मला त्याचाच जास्त अभ्यास झाला. फूल धरल्यापासून फळ पिकायला साधारण दीड महिना लागतो. आधी ते हिरवंच मोठं होतं, मग पांढुरकं, मग देठाच्या विरुद्ध टोकाला गुलाबी छटा. फळाच्या पोटातच इथिलीन नावाचा वायू तयार होतो आणि तोच त्याला पिकवतो. लाल रंगाचं द्रव्य लायकोपिन. ते वीस ते पंचवीस अंशांत छान बनतं आणि तिशीच्या पुढे पारा गेला की बनणं मंदावतं, आणखी वर गेला की थांबतंच. पिवळं द्रव्य मात्र बनत राहतं. म्हणून दौंडच्या चाळीस अंशांत माझी फळं पिवळट नारिंगी होऊन अडून बसली होती. मी बिचारी त्यांच्यावरची पानं काढत होते, ऊन लागावं म्हणून! नेमकं उलटं. ऊन लागून दोन फळांवर पांढरे चट्टे पडले.

आँटीच्या रोपांची फळं सासूबाईंना आठवतात ती चपटी, वळ्यावळ्यांची, देठाजवळ गडद हिरवी आणि खाली लाल. आजचे टोमॅटो सगळीकडून सारखे पिकतात, कारण व्यापाराला तसे हवेत. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की ज्या बदलामुळे फळ एकसारखं पिकतं, त्याच बदलामुळे फळात साखर कमी तयार होते. तो गडद हिरवा खांदा म्हणजे फळाचं स्वतःचं छोटं पान होतं म्हणायचं. टिकाऊ संकरित वाणांपैकी कित्येकांत तर पिकणं लांबवणारा एक गुण मुद्दाम घातलेला असतो, म्हणून ते आठवडा आठवडा मऊ पडत नाहीत आणि नारायणगावच्या बाजारातून ट्रकने दूरवर जातात. आपण म्हणतो पूर्वीसारखी चव नाही. ते खरंच आहे, नुसतं वय बोलत नाही.

नारायणगाव म्हटलं की शेतकऱ्यांचं बोलावंच लागेल. आपल्यासाठी फळ लाल होणं म्हणजे चटणी, त्यांच्यासाठी वर्षाचं पोट. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदी चालू असताना, पुणे आणि नगर जिल्ह्यांत टोमॅटो नीट लाल होईनासे झाले. डाग, पिवळे पट्टे, आतून काळपट. लोकांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं. नमुने बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेत गेले आणि त्यांत मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. माणसांना होत नाही हे शास्त्रज्ञांनी सांगितलं, पण लोक तेव्हा विषाणू शब्दालाच घाबरलेले. उभी पिकं उपटावी लागली. २०२३ मध्ये मे महिन्यात भाव दोन-तीन रुपये किलोपर्यंत पडला म्हणून टोमॅटो फेकले गेले, आणि जुलैत तोच टोमॅटो शंभराच्या वर गेला. तेव्हा आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर चिंच-गुळाच्या जुन्या पाककृतींचा पाऊस पडला होता, आठवतं? दादीचं स्वयंपाकघर महिनाभर परत आलं.

परसातल्या झाडांचा एक प्रश्न मला सुटला नव्हता, अळीचा. फळ पोखरणारी अळी आली की काय करायचं? औषध मारायला हात होत नाही, आणि बाजारातलं आणलं तर कुणीतरी मारलेलंच असतं. एका शेतकरी ताईंनी सांगितलं, ओळीच्या कडेने झेंडू लावा, पतंग झेंडूवर अंडी घालतो. लावला. बरीच फळं वाचली. किडलेली तीन-चार झाडावरच सोडली. सासूबाई म्हणाल्या, "त्यांचाही वाटा." मग त्यांनी मुलीला सहा माणसं आणि जांभळाच्या झाडाची गोष्ट सांगितली. एक मुळापासून तोडायला निघतो, एक मोठी फांदी, एक डहाळी, एक घोस, एक पिकलेली फळं, आणि सहावा म्हणतो खाली पडली आहेत तेवढीच पुरे. मुलगी लगेच बाहेर जाऊन झाडाखाली बघून आली.

महावीर जयंतीच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी मला वही घेऊन बसवलं. दुधी, दोडकं, गवार, भेंडी, काकडी, मटार, मिरची, कोथिंबीर, लिंबू, आंबा, केळं. अकरा झाले. मी पेन धरून बसले होते. त्याच म्हणाल्या, "टोमॅटो नको लिहू. मला खिचडीत लागत नाही. इतकी वर्षं तुमच्या भाजीसाठी ठेवला होता, चव बघायला लागायची म्हणून. आता तू बघ."

त्या वर्षीचा, म्हणजे यंदाचा, एकही टोमॅटो त्यांनी खाल्ला नाही. मला वाईट वाटलं, ते लपवता आलं नाही.

दोन दिवसांनी मी जराशी छटा आलेली सगळी फळं तोडून आत आणली, माजघरातल्या थंड फरशीवर, वर्तमानपत्रावर एका थरात मांडली, मध्ये दोन पिकलेली केळी ठेवली. केळ्याचाही तोच वायू. पाचव्या दिवशी माजघरात लाल गालिचा पसरल्यासारखं झालं. सासूबाई काठी टेकत आल्या, स्टुलावर बसल्या आणि एकेक फळ अंगठ्याने दाबून बाजूला ठेवायला लागल्या. "हे आज. हे उद्या. हे दोन दिवसांनी, आत्ता हात लावू नको." मी चटणी शेगडीवर, म्हणजे आता गॅसवर, चढवली. थोड्या वेळाने माजघरातूनच त्यांचा आवाज आला, "बिंदणी, जिरं जळतंय."